गवताची गाडी आणि दुपारची झोप

— नाही, नाही, उठू नका, येतीलच ते, न्हाव्याकडे गेलेत, आणि न्हाव्याकडे गेले की तासभर काही हलत नाहीत, केस मोजून कापायचे आणि गप्पा मात्र न मोजता, असं त्या दोघांचं चालतं — तुम्ही बसा. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. ही घ्या. चहा? बरं, नको तर नको, पाणी तरी प्या, उन्हातून आलात. तुम्ही मैदानाचे सेक्रेटरी ना? आवाजावरून ओळखलं मी. रविवारी सामना असला की माइकवर तुम्हीच असता — आमच्या मागच्या खोलीत सगळं ऐकू येतं, तुम्ही माइकवर बोलता ते, आणि माइक बंद झालाय असं समजून बोलता तेसुद्धा. असू दे, असू दे. मी कुणाला सांगत नाही. माझ्या पोटात पुष्कळ गोष्टी राहतात.

त्या पाकिटात पत्र आहे ना? मैदानाच्या तिन्ही गवत कापायच्या गाड्या आजपासून यांनी बघायच्या, असं पत्र. माहीत आहे मला. न्हाव्याकडे गेलेत ते त्याचसाठी, तुम्ही फोटोबिटो काढाल म्हणून. तर मला एवढंच सांगायचं होतं, ते यायच्या आत — पत्र द्यायची घाई करू नका. का म्हणजे, तब्येत. तशी ठणठणीत आहे म्हणा, जिना दोन-दोन पायऱ्या चढतात, पण वय आहे. सत्तरीला टेकले. आणि डोळे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. झालंय म्हणजे चांगलं झालंय, आता माझ्या चष्म्यावरचा डागसुद्धा त्यांना दिसतो, पण तरी — तुम्ही हसताय. तुम्हाला वाटतंय, बाईला नवरा घराबाहेर जायला नकोय. उलट आहे हो. नवरा घराबाहेर असला की घर कसं हात-पाय पसरून बसतं. तसं नाही. तुमच्या गाड्यांचं भलं व्हावं म्हणून सांगतेय मी.

ती बघा, शेडमध्ये, दारातून दिसतेय. तीच. एकेकाळी लाल होती म्हणतात, आता विटेसारखी झालीय. सीटला मी रेनकोटाच्या कापडाचं ठिगळ लावलंय, पुढचा एक दिवा फुटलाय, दुसऱ्यात कोळ्यानं संसार थाटलाय. टेकडीवरचं हॉटेल बंद पडलं, त्याच्या सामानाचा लिलाव होता — हे निवृत्त झाल्याच्या आठव्या दिवशी. आम्ही खुर्च्या बघायला गेलो होतो. मी खुर्च्या बघत राहिले, आणि हे ती घेऊन आले. टेम्पोत दोरीनं बांधलेली ती, आणि बाजूला टोपी सावरत हे, कुणी बडी पाहुणी घरी आणल्यासारखे. तेव्हाच वीस वर्षांची होती. त्याला झाली नऊ वर्षं. बाईसाहेब म्हणतात तिला. ‘बाईसाहेब आज नाराज आहेत.’ ‘बाईसाहेबांना तेल घालायचंय.’ मला एवढ्या संसारात कधी बाईसाहेब म्हटलं नाही. मी म्हणते, मी पण एखाद दिवस सुरूच होत नाही, बघू काय म्हणता.

आणि एक गंमत सांगू — कुठे बोलू नका — त्यांना गाडी चालवता येत नाही. कुठलीच. चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या ऑफिसात काढली, सगळा मुलूख पायी आणि जीपच्या मागच्या सीटवरून पाहिला, पण चाक कधी हातात धरलं नाही. आमची स्कूटर मी चालवते. हे मागे बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, आणि वळण आलं की माझ्या आधी यांचा हात बाहेर. त्यामुळे ही गवताची गाडी म्हणजे त्यांचं एकमेव वाहन. या बारा घरांच्या मधली हिरवळ आठवड्यातून दोनदा कापतात, टोपी घालून, ताठ बसून. चालीचं म्हणाल तर गोगलगाय जरा घाईत असेल तर पुढे निघून जाईल. आणि वळताना हात दाखवतात. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, नुसतं गवत — तरी हात दाखवतात. मला ते इथून, या खिडकीतून बघायला... असो. तो विषय नाही.

विषय असा की ती पाचव्या दिवशी बंद पडली. मग यांनी वही काढली. मोजणीच्या ऑफिसातली सवय, आधी नकाशा. प्रत्येक भाग काढायचा, कागदावर उतरवायचा, नंबर घालायचा, बाण काढायचा — इतकं देखणं चित्र की चौकटीत लावावं. आणि पुन्हा जोडून झाल्यावर हातात तीन स्क्रू उरले. ते बरणीत टाकले, बरणीवर चिठ्ठी लावली, ‘जास्तीचे’. जास्तीचे, बघा. म्हणजे बनवणाऱ्यानं उगाच घातले होते. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. जेवले आणि झोपले. दोन वाजता झोपतात ते चार वाजता उठतात, घड्याळ लावून घ्यावं. चारला उठले, बटण दाबलं, आणि गाडी सुरू. बरं, होणार नाही तर काय, फ्लोटच्या वाटीत बोटभर गाळ होता, आणि जेटचं भोक शिळ्या पेट्रोलनं बुजलेलं, तारेच्या ब्रशातली एक तार उपटून त्यातून फिरवली की — असं हेच म्हणाले. मागाहून. मला काय कळतंय त्यातलं.

नाही, ते नाही म्हणाले असं. त्यांनी काय म्हटलं सांगू? म्हणाले, ‘यंत्राला विश्रांती लागते. माणसासारखीच. दुपारची थोडी झोप दिली की ताजंतवानं होतं.’ आणि हे सगळ्यांना सांगितलं. हसू नका, या बारा घरांत तो आता नियम झालाय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा पाण्याचा पंप अडला, आणला इथे. यांनी सकाळी तासभर उघडून पाहिला, बंद केला, वर जुनी चादर घातली, म्हणाले, ‘निजू दे.’ चार वाजता पंप चालू. मग गाणं शिकवणाऱ्या बाईंचा पंखा. मग पलीकडच्यांचा मिक्सर. हाताला गुण आहे म्हणतात लोक. गाण्याच्या बाई तर आता भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं तरी त्यावर दुपारी टॉवेल टाकतात. ते काही सुधारत नाही, कारण ते त्या इथे आणत नाहीत — म्हणजे, विश्रांती इथलीच चांगली लागते. शेडची हवा.

काय बघताय? हाताकडे? ते नखांत ना — ते बुटाचं पॉलिश आहे. यांचे बूट मीच... काळं पॉलिश... तुम्ही वास घेतलात का आत्ता? सेक्रेटरीसाहेब, शोभतं का हे, पाहुणे म्हणून आलात आणि — बरं. बरं बाबा. ग्रीस आहे. झालं समाधान? मघाशी पट्ट्याच्या कप्पीला लावलं.

आता निम्मं कळलंच आहे तर उरलेलंही ऐका, निम्मं कळलेला माणूस फार घातकी. माझ्या वडिलांचं पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून दिवा धरायचे. दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं हो, कारण दिवा जिथं धरायचा तिथं बघावं लागतं. दहाव्या वर्षी प्लग साफ करायचे, चौदाव्या वर्षी इंजिन उतरवायचे. वडील म्हणायचे, सुरू करून तर कुणीही सांगेल बिघाड काय ते, सुरू न करता सांग. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला, हातानं फिरवायचं आणि ऐकायचं. आणि मग वर्कशॉप धाकट्या भावाला दिलं. त्याला नट आणि बोल्ट यांत डावं-उजवं करता येत नव्हतं. दोन वर्षांत विकलं त्यानं, तिथं आता पडद्यांचं दुकान आहे. मला त्याचं काही नाही. मी कधी बोलले नाही कुणाला. चांगले पडदे असतात त्या दुकानात, हे बघा, हेही तिथलेच. मला खरंच त्याचं काही वाटत नाही.

तर त्या पहिल्या दुपारी — मला काही नवऱ्याला फसवायचं नव्हतं हो. निवृत्त झाल्यापासून ते त्या खिडकीशी बसायचे आणि समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजायचे. मला मोठ्यानं सांगायचे, आज सोळा. आज अकरा. हे असं आठ दिवस. मग ती गाडी आली आणि चार दिवस माणसात आले, आणि पाचव्या दिवशी परत ते तोंड पाडून जेवण. मला बघवेना. म्हटलं, दोन तास आहेत. चप्पल काढून ठेवली, आवाज नको म्हणून, आणि शेडमध्ये गेले. पन्नास मिनिटांत काम झालं. उरलेले तीन स्क्रूसुद्धा जागच्या जागी गेले. बरणीत? बरणीत मी भंगारातले तीन टाकून ठेवले, मोजलेले असणार म्हणून. चारला त्यांनी बटण दाबलं, ती फुरफुरली, आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं — काय सांगू, तसं तोंड मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. आता त्या तोंडाला जाऊन सांगायचं, की हे मी केलंय? तुम्ही सांगितलं असतं? नसतंच सांगितलं. एकदा नाही सांगितलं की दुसऱ्यांदा सांगता येत नाही, आणि तिसऱ्यांदा तर प्रश्नच उरत नाही. नऊ वर्षं गेली.

आणि खरं बोलू? ते दोन तास माझे झाले. घोरणं सुरू झालं की मी निघते. यांचं घोरणं म्हणजे माझा भोंगा — दोन लांब, मग श्वास अडकतो, मग बारीक शिटी. शिटी आली की माणूस गाढ. पाती काढून घासते, खिळ्यावर मध्यावर ठेवून बघते की कुठली बाजू खाली जाते. पट्टा बदलते. एकदा तर इंजिनावरच्या झाकणाखाली उंदरानं घर केलं होतं, आणि कशाचं? यांच्या नकाशांच्या वहीतली पानं कुरतडून. इंजिनाचं चित्र इंजिनात गेलं होतं, नंबरांसकट. मी एकटी तिथं तोंडावर हात दाबून हसत होते, डोळ्यांतून पाणी आलं. फक्त एक राहिलं. बटण मी कधी दाबलं नाही. कसं दाबणार, आवाज होईल. नऊ वर्षं गाडी दुरुस्त करतेय आणि एकदाही माझ्या हातानं सुरू केली नाही, चालवायची तर गोष्टच सोडा. चारला ते दाबतात आणि मी चहा ढवळत खिडकीतून ऐकते, बरोबर बसलंय का सगळं.

तर आता सोमवारचं. सोमवारी तुम्ही यांना बोलावलंत ना, तुमची हिरवी गाडी बघायला? कमिटीचे सगळे उभे, माळी उभा, आणि हे. यांनी काय केलं असणार मला न बघता माहीत आहे. हात ठेवला, मान हलवली, ताडपत्री टाका म्हणाले, उद्या संध्याकाळी येतो. घरी आले ते जेवले नाहीत. ताट तसंच. वही उघडून बसले, पण पान उलटेना. आणि मग हळूच, मला नाही, वहीला म्हणाले, ‘आणि उद्या नाही झाली सुरू, तर?’ सेक्रेटरीसाहेब, तो माणूस भ्यायला होता. इथल्या शेडमध्ये काहीही होऊ शकतं, पण तिथं चार लोकांत — त्यांना काय वाटत असेल इतकी वर्षं, की खरंच झोपेनं होतं? मी विचारच केला नव्हता त्याचा. मी आपली माझ्या मजेत.

मग मंगळवारी — तुम्ही पाणी प्या आधी. प्या. मंगळवारी दोनला शिटी ऐकली, पाने-पक्कड भाजीच्या पिशवीत घातली आणि मागच्या कुंपणातून आत आले. तुमच्या कुंपणाला पाण्याच्या टाकीमागे भोक आहे, ते नीट करा — आत्ताच नको, सावकाश करा. वॉचमन दोन ते तीन जेवतो आणि मग अर्धा तास दात कोरतो. ताडपत्री काढली. तुमच्या माळ्यानं कार्बोरेटरशी उगाच खेळ केलाय, बिघाड तिथं नव्हताच. सीटखाली एक स्विच असतो, माणूस बसला नसेल तर इंजिन पेटू द्यायचं नाही, असा — त्याची तार तुटली होती. एवढीशी तार. जोडली. पण आता ते खरंच जोडलं गेलं का हे कसं कळणार? सुरू न करता इथे कळतच नाही, कारण सीटवर वजन लागतं. म्हणजे बसायलाच लागणार ना कुणीतरी? मी बसले. वजन पुरेना माझं. पिशवी मांडीवर घेतली, पानेबिने होते ना तिच्यात, तेव्हा स्विच दबला. बटण दाबलं. सुरू.

तिथंच बंद करून उतरायला हवं होतं. मान्य. पण पाय असा खाली गेला आपला. आणि ती निघाली.

काय सांगू तुम्हाला. तुमची गाडी आमच्या बाईसाहेबांपेक्षा पुष्कळ पळते. समोर एवढं मोठं मैदान, कुणी नाही, ऊन, आणि मी पिशवी मांडीवर धरून, केस सुटलेले. पाती फिरत होती हे मला पार टाकीशी पोचल्यावर कळलं, मागे वळून पाहिलं तेव्हा. हो. गवतातला तो कापलेला पट्टा. प्रेक्षकांच्या बाकांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, मधे दोन वेळा वाकलेला. बुधवारी तुम्ही त्याची चौकशी लावलीत, वॉचमनला उभं केलंत, माइकजवळ बोलत होतात, ऐकलं मी सगळं. तो बिचारा शपथ घेत होता की त्याला काही माहीत नाही, आणि खरंच नाही हो माहीत. त्याला काही बोलू नका. ती मी. आणि मधे वाकलाय ना, ते वळताना हात दाखवायला गेले म्हणून.

संध्याकाळी हे तुमच्याकडे आले, ताडपत्री काढली, बसले, बटण दाबलं, सुरू. टाळ्या वाजल्या म्हणे. आणि तुम्ही लगेच ठरवलंत, हाच माणूस. माझं काम माझ्याच अंगावर आलं. मला वाटलं होतं, खूष होऊन घरी येतील. दारात उभे राहून माझ्या चपलांकडे बघत होते. तळांना ओलं गवत चिकटलेलं. मग मला आठवलं, दहा नंबरचा पाना पिशवीत नाही. सगळं शोधलं, शेड, अंगण, पिशवी तीनदा उलटी केली. नाही म्हणजे नाही. बुधवार माझा असा गेला, तुमच्या माइकला कान लावून आणि पान्यासाठी जीव टांगणीला.

आणि काल. काल आमची बाईसाहेब अडली. सकाळी यांनी उघडली, बंद केली, चादर घातली, जेवले, झोपले. मी शेडमध्ये. दहाचा नव्हता म्हणून पक्कडीनं नट फिरवत होते, वडील असते तर हातावर मारलं असतं. आणि कानावर घोरणं येतंय, आणि माझ्या मनात आलं, काहीतरी चुकतंय. चांगलं येत होतं. फार चांगलं. करवतीसारखं, एकासारखं एक. अडकतच नव्हतं कुठे. शिटी नाही. मी हात थांबवला. ते चालूच. मी खिडकीशी गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाठ माझ्याकडे. आणि घोरणं थांबलं आणि तसेच, न वळता, म्हणाले, ‘दहाचा पाना खिडकीत ठेवलाय. मैदानावरच्या गाडीत राहिला होता.’

खिडकीतच होता. पुसलेला. रुमालावर ठेवलेला.

मी पाना उचलला, शेडमध्ये गेले, काम पुरं केलं. आणि माझ्या मागे घोरणं परत सुरू झालं, तेच, खोटं. चारला उठले, बटण दाबलं, सुरू झाली, डॉक्टर कुंपणापलीकडून म्हणाले, ‘काय जादू आहे तुमची’ — आणि हे म्हणाले, ‘विश्रांती.’ माझ्याकडे न बघता. चहा घेतला. कधीपासून माहीत आहे, मी विचारलं नाही. रात्रभर विचार करतेय. ती बरणी आहे ना, ‘जास्तीचे’, तिच्यात तीन-चार वर्षांत एकही नवा स्क्रू पडलेला नाही. मी आपली समजत होते, शिकले हळूहळू. शिकले कसले, उघडतच नव्हते. सकाळी तासभर नुसते समोर बसत असतील, आणि मग झोपायला जात असतील, माझ्यासाठी. डोळे मिटून. दोन तास. नऊ वर्षं धरली तर — नको, हिशेब नको.

म्हणून म्हटलं, पत्र द्यायची घाई करू नका. सकाळपासून पाठ केलं होतं मी, वय, डोळे, तब्येत. पण आता हे सगळं तुमच्यासमोर ओतूनच बसले, आणि बोलता बोलता माझंच मन फिरलं बघा. तुम्ही पत्र द्या. द्याच. फक्त माझ्या काही अटी आहेत — त्यांच्या नाही, माझ्या. तिथल्या शेडमध्ये एक खाट टाका. साधी चालेल. आणि मधे पडदा, मी सांगते त्या दुकानातून घ्या. दोन ते चार शेडमध्ये कुणी यायचं नाही, माळी नाही, कमिटी नाही, तुम्ही नाही. कुणी विचारलं तर साहेब आराम करताहेत. आणि मी काय, मी आपली पाण्याची बाटली घेऊन आलेली बायको. कोण बघतंय तिच्याकडे. तुमच्या निळ्या गाडीचं बेअरिंग गेलंय, मागच्या रविवारी ऐकलं, दळण दळल्यासारखा आवाज येतो, आठ दिवसांत चाक निखळेल. तिसरीची पाती उलटी बसवलीय, म्हणून गवत कापण्याऐवजी झोपवते. आणि त्या माळ्याला सांगा, कार्बोरेटरला हात लावलास तर याद राख. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? साहेबांनी सांगितलं. ऐकलंत ना? आणि मी जे मघापासून बोलले, ते तुम्ही ऐकलेलं नाही. माइक बंद आहे असं समजून तुम्ही जे बोलता, ते मी ऐकत नाही, तसंच.

फाटक वाजलं. आले. सरळ बसा. चेहरा असा करू नका, साधा करा, पाणी पिताय असा —

या, या. किती बारीक कापलेत हो. हे सेक्रेटरीसाहेब आलेत, केव्हाचे बसलेत बिचारे, मी आत कामात होते. छे, कसलं बोलणं, उन्हापावसाचं, दुसरं काय. तुम्ही बसा त्यांच्याशी, यंत्रांच्या गोष्टी तुमच्या, मला त्यातलं काय... काय म्हणालात? नाही, ऐकू आलं, पण — ‘हिला विचारा’ म्हणजे? काय विचारा मला? अहो, सेक्रेटरीसाहेबांसमोर काहीतरीच काय, ते तुमच्याकडे आलेत, पत्रावर नाव तुमचं — पाकीट फोडल्या फोडल्या नाव खोडू नका ते. कशाला खोडताय. पेन द्या इकडे. आणि हात सोडा, बघताहेत ते.

मी चहा ठेवते. नको? तुम्ही ठेवता? तुम्हाला साखरेचा डबा तरी ठाऊक आहे का?

बरं.

बसले. सेक्रेटरीसाहेब, विचारा काय विचारायचंय ते.